मागची बटणं

प्रिय मावशीबाई,

दचकू नकोस, पत्र माझंच आहे. बारकी तुला मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतेय. नाहीतर मला सख्खी, चुलत, मावस अशी कुठलीच बहीण नाही, तेव्हा माझ्या लेकीला ही मावशी मिळाली कुठून, याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे. समोर भेटलो की मी तुला अहो-जाहो करते, ते काही मानाने नाही, मध्ये अंतर राहावं म्हणून. कागदावर ते सोंग कोण करत बसणार! फोन करायला घेतला होता, पण ठेवून दिला. फोनवर तू तुझ्या त्या दातांच्या दवाखान्यातल्या आवाजात बोलतेस. समोरच्याची दाढ उपटायची असल्यासारखी हळू, गोड, समजूतदार. तो आवाज ऐकला की मला जे बोलायचं असतं ते राहून जातं आणि भलतंच काहीतरी तोंडातून बाहेर पडतं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच राग आला तर उठून पाणी पी, आणि परत येऊन वाच.

आधी एक गोष्ट साफ करून टाकते. तू माझ्या नवऱ्याशी लग्न केलंस, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आमचं मोडलं तेव्हा तू कुठे होतीस कोण जाणे. नंतर तुमचं ठरलं असं कळलं तेव्हा तर मला तुझी कीव आली. ओला टॉवेल पलंगावर टाकणारा आणि हरवलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल घरातल्या बाईला जाब विचारणारा माणूस कुणी हौसेने घेऊन जातंय म्हटल्यावर मी कशाला आडवी येऊ? पण लेकीचं तसं नाही ना गं. माझं काम पडलं संध्याकाळचं. नाटकाच्या कपडेपटातली बाई पडदा पडेपर्यंत विंगेत उभी असते, गळ्यात सुईदोरा आणि तोंडात टाचण्या. म्हणून प्रयोग असला की बारकी तुमच्याकडे राहायची. हे ठरलं तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की पोर काय, झोपायलाच तर जातेय. पण पोरं नुसती झोपायला कुठे जातात! ती तुमच्या अंगणात सायकल शिकली. कांजिण्या आल्या त्या तुमच्याकडे. पहिल्यांदा पाळी आली तीही तुझ्याकडेच, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन दप्तर टाकता टाकता तिने मला ते सांगितलं, शाळेतली एखादी जुनी गंमत सांगावी तसं. काय करायचं ते तू सगळं समजावून दिलं होतंस. मला समजवायला काही शिल्लकच नव्हतं. त्या दिवशी मी एका राणीच्या झग्याला डावी बाही उजवीकडे जोडली. कपडेपटात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, आणि मी त्यांच्यात मिसळून हसले.

असं करत करत ती मोठी झाली, नोकरीला लागली, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली, आणि आता लग्न. लग्नानंतर दोघं कुठे लांब राहायला निघालीत ते तुलाही ठाऊक आहे. जावई भला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग सगळा तुझ्यावरच खर्च होतो, दुसऱ्या कुणासाठी उरत नाही. तिने फोन करून सांगितलं की लग्नाचा ड्रेस घ्यायला जाऊ, तू आणि मावशी दोघी या. पहिल्याने मी चिडले. मग म्हटलं, येऊ दे की. कापड म्हणजे माझा प्रांत. सुती, रेशमी, खोटं रेशमी, मी डोळे मिटून बोटांनी सांगते. दुकानात तू माझ्यापुढे काय बोलणार? खरं सांगू, त्या दिवसाची मी वाट बघत होते. कितीतरी वर्षांनी असं काही होणार होतं की ज्यात तू बाजूला बसशील आणि बारकी माझ्याकडे बघेल.

लवकर निघाले, तुझ्या आधी पोचायचं म्हणून. तर तू आपली हजर! काचेच्या दाराशी उभी, खांद्याला पिशवी. त्या पिशवीतून एकेक वस्तू निघायला लागली तशी मी आतून पेटत गेले. कोमट पाण्याची बाटली, केसांना लावायचे चाप, आणि बारकीने लग्नासाठी घेतलेल्या उंच टाचांच्या चपला. का, तर ड्रेसची लांबी त्या चपला घालूनच बघायला हवी. अगं, मी जन्मभर घेर मोजले! नट अनवाणी असला तर मी त्याला माप देऊ देत नाही, आधी जोडे घालून ये म्हणून ओरडते. आणि माझ्याच पोरीच्या वेळी मला चपला सुचल्या नाहीत, तुला सुचल्या. तुला मी वरवर म्हटलं की बरं झालं हो आणल्यात. आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मग त्या दुकानातल्या बाईने विचारलं की नवरीची आई कोण, म्हणजे पुढच्या खुर्चीवर बसवता येईल. मी तोंड उघडायच्या आत तू माझ्याकडे हात केलास आणि दोन पावलं मागे सरकलीस. दुसरी कुणी असती तर सुखावली असती. मला मिरच्या झोंबल्या. माझीच जागा तू मला देणारी कोण? स्वतःच्या ताटातलं वाढल्यासारखी! भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या बाईशी मला वागता येतं, आमच्याकडे नटनट्यांशी रोजच चालतं ते. पण तू भांडतच नाहीस. इतकी वर्षं झाली, एकदा तरी चिडायचंस माझ्यावर. मी कितीदा बारकीला घ्यायला उशिरा आले, कितीदा तुझ्या घरचा डबा तसाच परत पाठवला, त्यावरही तू कधी चकार शब्द काढला नाहीस.

पहिला ड्रेस मी निवडला. तू गप्प राहिलीस, पण तुझा चेहरा काही गप्प नव्हता. आमची निवडायची एक रीत आहे. कपडा जवळून बघायचाच नाही. लांब जाऊन उभं राहायचं, डोळे किलकिले करायचे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला कंबर दिसेल का, खांदा दिसेल का, ते बघायचं. मी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, हँगरांच्या गर्दीत पाठ टेकवली आणि तिला बाहेर यायला सांगितलं. काय दिसत होती! फुगीर बाह्या, उभी कॉलर, घेर नुसता जमिनीवर लोळतोय. तिसऱ्या अंकात राज्याभिषेकाला निघालेली जणू. माझ्या तोंडून वाहवा निघाली. आणि तू काय केलंस? उठलीस, तिच्याजवळ गेलीस, कॉलरच्या आत दोन बोटं सरकवलीस आणि हळूच विचारलंस की टोचतंय का. पोर इतका वेळ मान ताठ धरून उभी होती ती टोचत होतं म्हणून, आणि मला वाटलं होतं ऐट आहे. मानेवर लाल वळ उठले होते. ते मला तिथून दिसले नाहीत. तिथून दिसणार कसे?

मग दुकानाच्या कोपऱ्यातून, जिथे कुणी बघत नाही अशा दांडीवरून, तू तो मोतिया रंगाचा साधा ड्रेस काढलास. मी नाक मुरडलं. शेवटच्या रांगेला हा दिसणारसुद्धा नाही, असं म्हणालेही. पण तू तिला तो घालायला लावलास आणि मग तिच्याकडून काय काय करून घेतलंस! खाली बस, हात वर कर, वाकून चपलेचा पट्टा लाव, मोठ्याने हस. दुकानातली बाई बघतच राहिली. मीही बघत राहिले, कारण हे मला येत नाही. माझे नट त्या कपड्यांत तीन-चार प्रवेश काढतात आणि फेकून देतात, त्यांना कुठे दिवसभर त्यात जगायचं असतं! शेवटी तू तिला म्हणालीस की आता आईला मिठी मारून बघ, खांद्यात काचतंय का ते कळेल. आणि तिने मारली. घट्ट. खांदे हलवून बघत, काचतंय का याचा अंदाज घेत घेत. मावशीबाई, माझ्या पोरीने मला शेवटची अशी मिठी कधी मारली होती ते मला आठवेना. आता मारली ती तू सांगितलंस म्हणून, ड्रेसची शिवण तपासायला. मला ती मिठी हवीही होती आणि तिचा रागही आला होता. ड्रेस कुठे काचत नव्हता. तोच घ्यायचं ठरलं.

इथपर्यंतही मी सांभाळलं असतं. पण त्याची मागची बटणं! मानेपासून कंबरेच्या खालपर्यंत एकाखाली एक, कापडाने मढवलेली, वाटाण्याहून बारीक, आणि प्रत्येकाला कापडाचाच इवलासा फास. दुकानातल्या बाईने ती लावून दाखवताना बजावलं की हे एकटीने जमायचं नाही, त्या दिवशी कुणीतरी निवांत माणूस लागेल. मी पदर खोचूनच बसले होते म्हण ना. बटणं म्हणजे मीच की! आणि बारकी आरशातून तुझ्याकडे बघून म्हणाली की मावशी, तूच लाव हं. सहज म्हणाली. वर हसत हसत आणखी म्हणाली की आई मला नटासारखी धरते, फिरवते, आवळते आणि पाठीत थाप मारून स्टेजवर ढकलते. दुकानातली बाई हसली, तू हसली नाहीस, मी सगळ्यात मोठ्याने हसले. ती खोटं बोलत नव्हती. माझे हात तसेच झालेत, अंधारात भराभर काम उरकायचे हात. पण लग्नाच्या सकाळी, लांब निघून जायच्या आधी, तिला शेवटचं कुणी सजवायचं, तर ते तू. म्हणजे सायकलही तूच, कांजिण्याही तूच, आणि हेही तूच. मला काय, पुढची खुर्ची!

कंबरेत ड्रेस थोडा सैल होता. तो आत घ्यायचं काम मी मागून घेतलं, म्हटलं बाहेर कुणाच्या हातात देऊ नका. आणला तो थेट कपडेपटात, कापायच्या टेबलावर पसरला. कंबर आत घेऊन झाली. मग ती बटणं माझ्याकडे बघत बसली आणि मी त्यांच्याकडे. आमच्याकडे कपडा कधीच बटणांनी बंद होत नाही, तुला माहीत नसेल. समोरून बघणाऱ्याला बटणं दिसतात, पण ती नुसती वरून शिवलेली, खोटी. खरी उघडझाप आत कुठेतरी लपवलेली, चेन किंवा टिचबटणं, म्हणजे नटाला दोन प्रवेशांच्या मध्ये एकट्याने झटकन शिरता येतं. मी कात्री घेतली. सगळे फास उसवले. पाठ शिवून बंद केली, बटणं जिथल्या तिथे वरून टाकली, आणि डाव्या बगलेखालच्या शिवणीत एक चेन बसवली, अशी की शोधून सापडू नये. कापणाऱ्या मास्तरांनी विचारलंसुद्धा, नवरीला काय मध्येच वेश बदलायचाय का म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमची कात्री सांभाळा. हात एवढा सुरेख चालत होता माझा! मी गाणं गुणगुणत होते. माझ्या नशिबी नाहीत ना ती बटणं, मग तुझ्याही नाहीत. हिशेब एवढा सोपा होता.

रविवारी बारकी माझ्या घरी ड्रेस घालून बघायला आली. खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि मी अजून चहाचे कप मांडतेय तोवर पूर्ण तयार होऊन बाहेर! नाचली गं पोर. आई, तू कमाल केलीस, म्हणाली. मी फुलून गेले. मग तिने कप उचलला आणि अगदी मोकळ्या मनाने सांगून टाकलं की आता तुम्ही दोघीही सकाळी लवकर येऊ नका. ती तिच्या खोलीवर एकटीच तयार होईल, आणि आपण दोघींनी सरळ हॉलवर यायचं. तिच्या मनावर म्हणे किती दिवस ओझं होतं, त्या एवढ्याशा खोलीत तुम्ही दोघी एकत्र कशा उभ्या राहाल, कोण कुणाला काय बोलेल, कुणाचं तोंड वाकडं होईल. आता प्रश्नच मिटला. बरंच झालं, म्हणाली, आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला तिने. माझी लेक लग्नाच्या सकाळी एकटी असणार होती, आणि त्याचा तिला आनंद झाला होता. ही सोय मीच तिला शिवून दिली होती, माझ्या हाताने, गाणं म्हणत.

तिथूनच तिने तुला फोन लावला. मी कप विसळत होते, कान अर्थातच तिकडे. तिने सगळं सांगितलं, चेन किती छान बसलीय तेही. मग फोन ठेवला आणि म्हणाली की मावशी छान झालं म्हणाली, आणि पेशंट आला म्हणून घाईने फोन ठेवून दिला. बारकीच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. रविवारी कुठला गं पेशंट? रविवारी तुमचा दवाखाना बंद असतो, हे मला तुझ्यावर डोळा ठेवून ठेवून पाठ झालंय. मला वाटलं होतं, तुझा पडलेला चेहरा एकदा बघायला मिळाला की मला गार वाटेल. क्षणभर वाटलंही, खोटं कशाला बोलू. मग हातातला कप तसाच राहिला. तुला स्वतःचं मूल नाही. हे मला कायम माहीत होतं आणि मी ते कायम तुझ्याविरुद्धच वापरलं, की स्वतःचं नाही म्हणून माझं घेतेस. पण आपण दोघीच तेवढ्या आहोत, ज्यांना त्या सकाळी त्या खोलीत असायचं आहे. जगात तिसरी कुणी नाही. आणि आपल्या दोघींनाही मी बाहेर काढलं.

आता हे पत्र का, ते ऐक. ड्रेस माझ्याकडेच आहे, इस्त्रीच्या नावाखाली ठेवून घेतलाय. चेन काढली. पाठ पुन्हा उघडली. उसवलेले फास फाटले होते, म्हणून आतल्या शिवणीतलं कापड काढून नवे फास करतेय, लग्नाच्या आधी होतील. पण बारकीला मी काय सांगू? मी सांगायला गेले तर ती विचारणार, आई, मग बदललंसच का, आणि तिच्यासमोर खोटं बोलताना माझं तोंड लाल होतं. तू सांग. चेन फोटोत फुगते म्हण, किंवा काहीच कारण देऊ नकोस, सरळ सांग की मला तुझी बटणं लावायची आहेत, हट्ट आहे माझा. तू आयुष्यात कधी तिच्याकडे हट्ट केला नाहीस, तुला ती नाही म्हणायची नाही. बटणं तूच लाव, वरपासून खालपर्यंत सगळी. मी त्यांना हात लावणार नाही आणि वाकडं तोंडही करणार नाही. फक्त तिचे केस मोठे आहेत, आणि बटणं लावताना ते पाठीवरून उचलून धरायला कुणीतरी लागतं, तुझे दोन्ही हात तर गुंतलेले असतील. ते धरायला मी येऊ का? तिने विचारलं तर सांग की मीच आईला बोलावलं.

तुझीच,
बारकीची आई